आदर्श कुणाला मानायचं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



'आदर्श कसा निवडावा' या विषयावर बोलायला मला सांगितलं आहे. खरं सांगायचं तर 'आदर्श' या शब्दाशी आपलं बायकांचं फारसं सख्य नाही. आदर्श पत्नी, आदर्श सून, आदर्श माता! लहानपणापासून हे शब्द आपल्या कानांवर पडत आले. यातला एकही आदर्श आपण निवडलेला नव्हता. तो आपल्यासाठी आधीच निवडून ठेवलेला होता आणि आपण फक्त त्या मापात बसायचं होतं. वडाला फेऱ्या मारताना सावित्रीचं नाव घ्यायचं, ते तिने यमाशी वाद घातला म्हणून नव्हे, नवरा परत मिळवला म्हणून. खरं तर त्या गोष्टीतली सावित्री बोलण्यात यमालाही हार जात नाही. पण आपल्याला शिकवलं गेलं ते उपास करायला. वाद घालायला नाही.

मग आदर्श हवेतच कशाला, असं तुमच्यातली एखादी विचारेल. माझं म्हणणं आहे, हवेत. आणि ते का हवेत ते आधी सांगते.

आपल्या केंद्रात येणारी एखादी मुलगी आठवा. एकोणीस-वीस वर्षांची. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेलं. ती म्हणते, मला परत नांदायला जायचं नाही. बरोबर आलेली आई रडत असते आणि पुन्हापुन्हा एकच वाक्य म्हणते, 'आपल्यात असं कुणी केलं नाही.' मारहाण, उपासमार, टोमणे, सगळं त्या आईला माहीत असतं. ती दुष्ट नसते. तिच्यापुढे एकच प्रश्न असतो, की ही जे करायला निघाली आहे ते आजवर कुणी केलं आहे का, आणि करून ती जगली का? या प्रश्नाला 'हो, केलं आहे, आणि असं असं केलं आहे' असं उत्तर देता येणं, यासाठी आपल्याला आदर्श हवेत. भिंतीवर तसबीर लावायला नव्हे.

एकदा हे मान्य केलं, की आदर्श निवडण्याची रीतच बदलते. मग बाई किती थोर होती हे विचारायचं नाही. तिने कोणता निर्णय घेतला, तो कसा निभावला, त्याची काय किंमत मोजली आणि तिच्या पाठीशी कोण होतं, हे विचारायचं. आज मी दोन बायकांबद्दल बोलणार आहे. दोघीही डॉक्टर. दोघींच्या वयात जेमतेम चार महिन्यांचं अंतर. एकीचं नाव तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. दुसरीचं किती जणींना माहीत आहे, ते मनातल्या मनात तपासून बघा.

पहिली आनंदीबाई जोशी. जन्म 31 मार्च 1865. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहाच दिवसांत गेलं. त्यानंतर डॉक्टर व्हायचा ध्यास, 1883 साली नवऱ्याशिवाय अमेरिकेचा प्रवास, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण आणि 11 मार्च 1886 रोजी पदवी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली होती. पण ती क्षयाने खंगून परतली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारली. तिला बावीस वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. एकाही रोग्याला आपला दवाखाना उघडून तपासण्याची संधी तिला मिळाली नाही.

दुसरी रखमाबाई. जन्म 22 नोव्हेंबर 1864, मुंबई. जात सुतार. वडील जनार्दन पांडुरंग ती अगदी लहान असताना गेले. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाली. त्यांच्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती. जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं, आणि त्याआधी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावावर करून दिली. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस. लग्नानंतरही ती माहेरीच राहिली, आणि शाळा सुटली तरी घरी वाचत राहिली. पुढे दादाजीने नांदायला बोलावलं तेव्हा तिने सांगितलं, मी येणार नाही. 1884 साली त्याने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला.

रखमाबाईंचं म्हणणं साधं होतं. हे लग्न मी केलेलं नाही, ते माझ्यावर लावलेलं आहे. मला समज नव्हती तेव्हा झालेल्या गोष्टीने मी आज बांधलेली नाही. त्या काळी हे म्हणणं कोर्टाच्या पिंजऱ्यापर्यंत नेणारी बाई म्हणजे काय, याची कल्पना करा. 1885 साली त्यांनी 'एक हिंदू स्त्री' या सहीने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर पत्रं लिहिली. त्याच वर्षी 21 सप्टेंबरला न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. हा असला दावा मुळात इंग्लंडच्या कायद्यातून आला आहे, तिथे तो समजत्या वयात राजीखुशीने लग्न केलेल्यांसाठी आहे, अशा अर्थाचं त्यांचं मत होतं. या निकालावर गहजब झाला. धर्म बुडाला, असा ओरडा झाला. टिळकांच्या पत्रांनी रखमाबाईंविरुद्ध झोड उठवली. अपिलात निकाल फिरला, खटला पुन्हा चालवायला पाठवला गेला आणि 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद भोग.

रखमाबाईंनी सांगितलं, मी कैद भोगीन.

आता या दोन तारखा शेजारी ठेवा. 26 फेब्रुवारी 1887 आणि 4 मार्च 1887. मध्ये फक्त सहा दिवस. पुण्यात आनंदीबाई वारल्या, त्यांच्या धैर्याची वाहवा झाली. ज्यांनी त्यांना परदेशी गेल्याबद्दल नावं ठेवली होती त्यांनीही डोळे पुसले. आणि आठवडा उलटायच्या आत मुंबईत दुसऱ्या एका बाईला, ती नवऱ्याकडे जायला नाही म्हणते एवढ्यासाठी, तुरुंग दाखवला गेला.

पुढे काय झालं? त्या तुरुंगात गेल्या नाहीत. जुलै 1888मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला हक्क सोडला. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी मदत केली आणि 1889 साली रखमाबाई लंडनला गेल्या. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, 1894 साली डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतला बायकांच्या दवाखान्यात कामाला लागल्या. नंतर राजकोट. सुमारे पस्तीस वर्षं त्यांनी बायकांची बाळंतपणं केली, दुखणी बघितली. निवृत्तीच्या सुमारास पडदापद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली. 25 सप्टेंबर 1955 रोजी, नव्वदी पार करून, त्या वारल्या.

आता विचारा, यांतली कोणती डॉक्टर आपल्या घराघरांत पोचली? आनंदीबाईंवर कादंबरी झाली, नाटक झालं, मालिका झाली, 2019 साली चित्रपट झाला. रखमाबाईंवर मोहिनी वर्दे यांनी मराठीत चरित्र लिहिलं, 2016 साली चित्रपटही आला. पण सामान्य ज्ञानाच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला विचारा. तिला एकच नाव ठाऊक असतं.

मी आनंदीबाईंना कमी लेखत नाही. त्या वयात, त्या थंडीत, त्या एकटेपणात त्या जे शिकल्या त्याला तोड नाही. दोघींना एकमेकींविरुद्ध उभं करणं तर अगदीच चुकीचं. पंडिता रमाबाईंनी ते केलं नाही. रमाबाई आनंदीबाईंच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात हजर होत्या. 1887 साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केलं, आणि त्याच पुस्तकात रखमाबाईंच्या खटल्याबद्दलही लिहिलं. एकीचं दुःख आणि दुसरीचा लढा त्यांना एकाच गोष्टीचे भाग दिसले.

माझा प्रश्न आहे तो निवडीबद्दल. समाज जेव्हा आपल्यासाठी आदर्श निवडतो तेव्हा तो कोणती गोष्ट उचलतो? नवऱ्याने शिकवलेली, नवऱ्याच्या इच्छेला मान दिलेली आणि अकाली गेलेली बाई त्याला चालते. नवऱ्याला नको म्हणालेली, एकटी राहिलेली, पस्तीस वर्षं नोकरी केलेली आणि नव्वद वर्षं जगलेली बाई त्याला अडचणीची वाटते. आणि जी चालते तिचीही गोष्ट तो छाटूनच सांगतो. गोपाळरावांनी शिकवण्यासाठी केलेली मारहाण आनंदीबाईंनी पत्रात त्यांना स्पष्ट शब्दांत आठवून दिली आहे. ते पत्र लिहिणारी आनंदीबाई आपल्याला शाळेत भेटली का? नाही. तिथे भेटली ती केवळ आज्ञाधारक शिष्या.

सावित्रीबाईंचंही तेच. 3 जानेवारीला हार घालतो. चित्रात त्या जोतिबांच्या शेजारी उभ्या. पण 1868 साली नायगावहून त्यांनी जोतिबांना लिहिलेलं पत्र किती जणींनी वाचलं? ब्राह्मण तरुण आणि महार मुलगी यांचं प्रेम जमलं म्हणून गाव त्यांना ठार मारायला निघालं होतं, तेव्हा सावित्रीबाई मध्ये पडल्या आणि इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून त्यांनी दोघांचा जीव वाचवला. जोतिबा तिथे नव्हते. निर्णय त्यांचा होता, जमावापुढे त्या उभ्या होत्या. आज गावात असं जोडपं पळून आलं, तर कार्यकर्तीला उपयोगी पडेल ती ही सावित्रीबाई.

म्हणून आदर्श निवडताना चार प्रश्न विचारावेत असं मला वाटतं.

पहिला प्रश्न, हिने कुणाला आणि कशाला नकार दिला? सत्काराच्या भाषणांत एक शब्दप्रयोग हमखास येतो, 'घरसंसार सांभाळून'. तिने घरसंसार सांभाळून संशोधन केलं, घरसंसार सांभाळून जिल्हा चालवला. पुरुषाच्या सत्कारात हे कधी ऐकलंत? जिच्या गोष्टीत एकही नकार नाही, ती गोष्ट कुणीतरी साफसूफ करून आपल्या हातात दिलेली असते. थोडं खणा. नकार सापडतोच.

दुसरा प्रश्न, हिच्या पाठीशी कोण होतं? रखमाबाई एकट्या लढल्या असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्यामागे आई होती, मालमत्ता मुलीच्या नावावर करणारी. सावत्र वडील होते, जे खटला ऐन भरात असताना 1885 सालीच वारले. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक होते, पैसे उभे करणारी मंडळी होती, एक इंग्रज डॉक्टरीण होती. हे सांगितल्याने रखमाबाई लहान होत नाहीत. उलट आपल्याला कामाची यादी मिळते. केंद्रात आलेल्या त्या मुलीला नुसतं 'धीट हो' म्हणून चालत नाही. राहायला जागा, वकिलाची फी, बाजूने लिहिणारं कुणी, शिक्षणाची किंवा कामाची सोय, एवढं लागतं. रखमाबाईंकडे ते होतं. या मुलीकडे ते नसेल तर ते उभं करणं हे आपलं काम आहे.

तिसरा प्रश्न, खटल्यानंतर, मोर्चानंतर, बातमीनंतर हिने काय केलं? आपल्याला तो एक क्षण आवडतो, 'मी कैद भोगीन' म्हणण्याचा. टाळ्या तिथे पडतात. पण मला रखमाबाईंची सुरत आणि राजकोटची वर्षं जास्त मोलाची वाटतात. रोज सकाळी दवाखान्यात जायचं, अडलेली बाळंतीण सोडवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. तिथे टाळ्या नाहीत. आपल्यातल्या बहुतेक जणी चळवळीतून गळतात त्या लाठीमाराने नव्हे. त्या गळतात या रोजच्या कामाच्या कंटाळ्याने आणि एकटेपणाने. तेव्हा ज्या बाईने हा कंटाळा निभावला, तिच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

चौथा प्रश्न जरा अवघड आहे. हिचं काय मला पटत नाही? दादाजी 1904 साली वारला तेव्हा रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, असं त्यांच्याबद्दल सांगतात. हे ऐकून एका शिबिरात मुली हिरमुसल्या. ज्या लग्नाला मानलं नाही त्याचं वैधव्य का मानलं? का, ते आपल्याला त्यांना विचारता येत नाही. कदाचित नोकरीच्या गावात एकट्या बाईला राहायचं तर ते सोयीचं असेल. कदाचित मनात आणखी काही असेल. पण एवढ्याने तो खटला पुसला जात नाही. आपल्याला त्यांचा निर्णय घ्यायचा आहे, त्यांचं लुगडं नाही. बाई सगळीच्या सगळी आदर्श असावी असा हट्ट धरला की दोनच गोष्टी होतात. एक तर आपण तिचे दोष झाकतो. नाहीतर एक दोष दिसताच तिला टाकून देतो. देव्हाऱ्यात बसवणं किंवा पायाखाली तुडवणं, बायकांशी समाज हेच करत आला आहे. आपणही तेच करायचं का?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या आदर्शांच्या यादीत कोण नाही, हेही बघा. 1855 साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली मातंग मुलगी. तिचं नाव स्त्रीवादी म्हणवणाऱ्या आपल्यासारख्यांच्याही तोंडी फार उशिरा आलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा शोध ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींना गावोगाव फिरून घ्यावा लागला, तेव्हा 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. त्यातल्या बायका तोवर जिवंत होत्या, बोलत होत्या. त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं, एवढंच. तेव्हा तुमच्या यादीत सगळ्या एकाच जातीच्या, एकाच थराच्या बायका असतील, तर दोष इतिहासाचा नाही, शोधण्याचा आहे.

हे सगळं जुन्या काळाचं, आज त्याचं काय, असं कुणाला वाटेल. म्हणून शेवटी कायद्याबद्दल बोलते. रखमाबाईंना ज्या दाव्याखाली कोर्टात खेचलं, तो दावा अजून आपल्या कायद्यात आहे. 1955च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 9 तेच. तो कायदा मे 1955मध्ये झाला आणि रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या. म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत स्वतंत्र भारताने तो दावा पुन्हा लिहून ठेवला. फरक असा, की आता तो नवरा-बायको दोघांनाही लावता येतो आणि हुकूम मोडल्यास तुरुंग नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. इंग्लंडने या हुकमापायी होणारी कैद 1884 सालीच काढून टाकली होती आणि पुढे 1970 साली तो दावाच रद्द केला. आपल्याकडे 1983 साली सरिता खटल्यात आंध्रच्या हायकोर्टाने हे कलम घटनाविरोधी ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सरोज राणी खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं.

तुमच्यापैकी ज्या सल्ला केंद्रात बसतात त्यांना हे नवं नाही. पोटगीचा अर्ज केला की नवऱ्याकडून नांदायला येण्याची नोटीस येते. बाई ती नोटीस पदरात लपवून आणते. हात थरथरत असतो. तिला वाटतं, आता पोलीस ओढून नेणार. अशा वेळी तिला दोन गोष्टी सांगा. एक, कोर्ट तुला उचलून त्या घरात नेऊन टाकू शकत नाही, पण नोटिशीला उत्तर द्यायलाच हवं, वकील गाठायलाच हवा. आणि दुसरी, तुझ्यासारखीच नोटीस 1884 साली मुंबईतल्या एका सुतारांच्या मुलीला आली होती. मग तिला सगळी गोष्ट सांगा. आईने काय केलं, कोर्ट काय म्हणालं, ती काय म्हणाली, पैसे कुणी उभे केले आणि पुढे ती काय शिकली. गोष्ट ऐकताना तिच्या आईकडेही बघा. 'आपल्यात असं कुणी केलं नाही' म्हणणारी ती आईच पुष्कळदा विचारते, 'मग त्या पोरीचं पुढं काय झालं?'

आता चहाच्या सुट्टीनंतर गटात बसाल तेव्हा एक काम करू. प्रत्येकीने एका बाईचं नाव लिहायचं. ती पुस्तकातली चालेल, तुमच्या गल्लीतली चालेल, तुमची आजी चालेल. नावाखाली 'थोर', 'त्यागी', 'कर्तबगार' असले शब्द लिहायचे नाहीत. तिने घेतलेला एक निर्णय लिहायचा, आणि त्याच्याखाली आपल्याला सध्या कोणता निर्णय अडला आहे ते लिहायचं. दुसरी ओळ कुणाला दाखवायची नसेल तर दाखवू नका, पण लिहा. पहिल्या ओळीचा दुसऱ्या ओळीला काही उपयोग होत नसेल, तर नाव बदला. निवड तुमची आहे.